जप्ती किती, शिल्लक किती

बुलढाणा जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांचा मुख्य आधार कापूस आणि सोयाबीन ही पिके असली, तरी शिक्षक, ग्रामसेवक, एसटीचे चालक-वाहक, बँकांचे कर्मचारी, खामगाव-मलकापूरच्या कारखान्यांतले कामगार आणि निवृत्तिवेतनधारक अशा अनेकांची घरे दरमहा ठरलेल्या रकमेवर चालतात. हे उत्पन्न पावसावर अवलंबून नसल्याने कर्ज देणाऱ्याचा विश्वास त्याच्यावर सर्वांत आधी बसतो. पगाराच्या दाखल्यावर कर्ज मिळते आणि शेतकऱ्याच्या कर्जालाही पगारदार जामीनदार मागितला जातो. साहजिकच कर्ज थकले की वसुलीची पहिली नजरही पगाराकडेच वळते, कारण शेतातील पीक बुडू शकते, परंतु महिन्याचे वेतन देयक निघतच राहते. अशा वेळी वेतनाला हात कोण लावू शकतो, केव्हा लावू शकतो आणि किती लावू शकतो, या तीन प्रश्नांची उत्तरे कायद्यात पुष्कळ स्पष्टपणे दिलेली आहेत. मात्र ज्यांच्या वेतनाचा प्रश्न असतो त्यांच्यापर्यंत ती क्वचितच पोहोचतात.

आधी हुकूमनामा, मग जप्ती

थकबाकी आहे एवढ्याच कारणावरून कोणत्याही सावकाराला, खासगी वित्तसंस्थेला किंवा तिने नेमलेल्या वसुली प्रतिनिधीला कर्जदाराच्या कार्यालयाकडे पत्र पाठवून त्याचा पगार थांबवण्याचा अधिकार नाही. सर्वसाधारण मार्ग दिवाणी न्यायालयातून जातो. धनको, म्हणजे पैसे येणे असलेला पक्ष, रकमेच्या वसुलीचा दावा दाखल करतो. अशा दाव्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते. दावा सिद्ध झाला की न्यायालय हुकूमनामा देते, ज्याला बोलीभाषेत डिक्री म्हणतात, आणि ज्याच्याविरुद्ध तो होतो त्या कर्जदाराला त्यानंतर निर्णीत ऋणको असे संबोधले जाते. हुकूमनामा झाल्याने पैसे आपोआप वसूल होत नाहीत; त्याच्या अंमलबजावणीसाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. महाराष्ट्रातील न्यायालयांत या अर्जाला दरखास्त म्हणतात आणि हुकूमनाम्यापासून 12 वर्षांपर्यंत ती दाखल करता येते. वेतनाची जप्ती ही या दरखास्तीतील एक पायरी आहे. निकालापूर्वीही जप्ती होऊ शकते, परंतु वसुली टाळण्याच्या हेतूने प्रतिवादी मालमत्ता विकून किंवा हलवून टाकण्याच्या बेतात आहे, असे न्यायालयाला पटवून दिल्यावरच.

वेतनाच्या जप्तीत बेलिफ घरी येत नाही. न्यायालयाचा आदेश थेट वेतन देणाऱ्याकडे जातो: सरकारी कार्यालयात आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे आणि खासगी आस्थापनेत मालकाकडे. आदेश मिळाल्यानंतर ठरलेली रक्कम दरमहा कापून न्यायालयात भरणे त्यांच्यावर बंधनकारक असते. आदेश डावलून पूर्ण पगार दिला, तर त्या रकमेची जबाबदारी वेतन देणाऱ्यावरच येते. ही पद्धत दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधील आदेश 21 च्या नियम 48 मध्ये आणि खासगी नोकरांसाठी 1976 च्या दुरुस्तीने घातलेल्या नियम 48-अ मध्ये सांगितलेली आहे. हुकूमनाम्यापासून दोन वर्षे उलटून गेल्यावर दरखास्त दाखल झाली, तर निर्णीत ऋणकोला आधी नोटीस द्यावी लागते. दोन वर्षांच्या आत दाखल झालेल्या दरखास्तीत मात्र ती सर्वसाधारणपणे लागत नाही. म्हणूनच, ज्याने दाव्याचे समन्स दुर्लक्षित केले किंवा ज्याच्यापर्यंत ते पोहोचलेच नाही, अशा कर्मचाऱ्याला आपल्याविरुद्ध निकाल झाल्याचे पहिल्यांदा पगारपत्रकातील कपातीवरून कळावे, असे घडू शकते. अशा एकतर्फी हुकूमनाम्याविरुद्ध तो रद्द करण्याचा अर्ज 30 दिवसांत करता येतो, आणि समन्स रीतसर बजावलेच गेले नसेल तर हे 30 दिवस निकाल समजल्याच्या दिवसापासून मोजले जातात.

दोन तृतीयांशाचा हिशेब

वेतनाचा किती भाग जप्त होऊ शकतो, हे संहितेच्या कलम 60 मध्ये ठरवून दिलेले आहे. कर्जाच्या साध्या हुकूमनाम्यासाठी वेतनातील पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश हिस्सा जप्तीपासून मुक्त आहे. जप्ती लागते ती केवळ राहिलेल्या एक तृतीयांशाला. वेतन म्हणजे येथे महिन्याची एकूण प्राप्ती धरली जाते, आणि त्यातून शासनाने अधिसूचनेद्वारे मुक्त ठरवलेले भत्ते वगळले जातात. समजा, एखाद्या कर्मचाऱ्याची अशी मासिक प्राप्ती 25,000 रुपये आहे. पहिले 1,000 रुपये बाजूला काढल्यावर 24,000 उरतात, त्यांचे दोन तृतीयांश 16,000 होतात. म्हणजे 17,000 रुपये कर्मचाऱ्याचे राहतात आणि फार तर 8,000 रुपये जप्त होऊ शकतात. धनको एक असो की चार, जप्तीयोग्य हिस्सा वाढत नाही.

याच कलमात काळाचीही मर्यादा आहे आणि ती फारच थोड्या लोकांना ठाऊक असते. वेतनाचा जप्तीयोग्य हिस्सा सलग किंवा तुटक असा एकूण 24 महिने जप्तीत राहिला, की पुढचे 12 महिने त्याला जप्तीतून मोकळीक मिळते. आणि ही 24 महिन्यांची जप्ती एकाच हुकूमनाम्यासाठी झालेली असेल, तर त्या हुकूमनाम्यापुरते वेतन कायमचे मुक्त होते. वरील उदाहरणातील कर्मचाऱ्याकडून एका हुकूमनाम्यापोटी पगारातून जास्तीत जास्त 1,92,000 रुपये वसूल होऊ शकतील. त्यापुढचे कर्ज माफ होत नाही, धनकोला ते ऋणकोच्या अन्य मालमत्तेतून वसूल करण्याची मुभा राहते, परंतु त्या हुकूमनाम्याच्या आधारे पगाराला पुन्हा हात लावता येत नाही. ही मुदत संपल्यावरही कपात चालू राहिली असेल, तर कर्मचाऱ्याने कार्यालयाला आणि दरखास्त चालवणाऱ्या न्यायालयाला ते लेखी दाखवून दिले पाहिजे.

पहिल्या 1,000 रुपयांच्या आकड्याबद्दल मात्र स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. 1976 च्या दुरुस्तीने हा आकडा 400 रुपये ठरवला होता. 1999 च्या दुरुस्तीने तो 1,000 केला आणि तो 1 जुलै 2002 पासून लागू झाला. त्यानंतर किराणा, औषधे, शाळेची फी आणि घरभाडे यांचे दर कोठल्या कोठे गेले, पण हा आकडा जागचा हललेला नाही. मोठ्या पगाराच्या माणसाला दोन तृतीयांशाचे संरक्षण पुरेसे ठरते. महिना 12,000 रुपयांवर काम करणाऱ्या दुकानातील लेखनिकाच्या घरातून मात्र 3,666 रुपये जाऊ शकतात, आणि त्या घरात त्या रकमेचा अर्थ महिन्याचा किराणा असतो. कमी वेतनाच्या घराला किमान किती शिल्लक राहिली पाहिजे, हा आकडा महागाईशी जोडलेला असायला हवा. विधिमंडळांनी या बाबीकडे लक्ष देणे न्याय्य ठरेल.

पोटगीच्या हुकूमनाम्यात हिशेब उलटा होतो. तेथे वेतनाचा फक्त एक तृतीयांश भाग मुक्त असतो आणि दोन तृतीयांशापर्यंत जप्ती होऊ शकते, कारण ज्यांच्यासाठी ही रक्कम घेतली जाते ती पत्नी आणि मुले कायद्याच्या दृष्टीने बाहेरचे धनको नसून त्या वेतनावर जगण्याचा हक्क असलेली माणसे आहेत. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 मध्ये तर दंडाधिकाऱ्याला असाही अधिकार दिलेला आहे, की त्याने आर्थिक साहाय्याची रक्कम वेतनातून कापून पीडित महिलेला थेट देण्याचा किंवा न्यायालयात भरण्याचा आदेश पतीच्या मालकाला द्यावा.

जे जप्त होतच नाही

कलम 60 ची यादी पगारापुरती थांबत नाही. मजुरांची आणि घरकामगारांची मजुरी, रोख असो की धान्यरूपाने, कर्जाच्या हुकूमनाम्यात जप्त करता येत नाही. मजुरीत बोनस धरला जातो आणि मजूर या शब्दात कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे सर्व येतात. कापूस वेचणारी बाई, सोयाबीन सोंगणारा सालदार किंवा रोजगार हमीच्या कामावरील मजूर यांची कमाई या संरक्षणाखाली येते. निवृत्तिवेतन, उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी, आणि भविष्य निर्वाह निधी यांनाही जप्ती लागत नाही. निवृत्तिवेतन बँकेच्या खात्यात जमा झाले की त्याचे संरक्षण संपते, असा युक्तिवाद अनेक वर्षे केला जात होता. राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या प्रकरणात 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि अशी रक्कम हाती पडल्यानंतरही तिचे मूळ स्वरूप नष्ट होत नाही, असे ठरवले.

कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या रिवाजानुसार जे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने, म्हणजेच आपल्याकडे मंगळसूत्र, जप्त होत नाहीत. कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, उपजीविकेसाठी लागणारी जनावरे आणि बियाणे, तसेच शेतकऱ्याचे, मजुराचे किंवा घरकामगाराचे राहते घर यांनाही संरक्षण आहे. येथे शेतकरी म्हणजे स्वतः जमीन कसणारा आणि मुख्यतः शेतीच्या उत्पन्नावर जगणारा, मग तो मालक असो, कूळ असो, भागीदार असो की शेतमजूर. एक सावधानता मात्र बाळगली पाहिजे: घर किंवा वस्तू त्या कर्जासाठी गहाण ठेवलेली असेल, तर हे संरक्षण गहाणाच्या वसुलीला आड येत नाही. याउलट, 'या कलमाचा लाभ मी सोडून देतो' असे कर्जाच्या कागदावर कोणी लिहून घेतले, तर तो करार कायद्याने शून्य ठरतो. छापील अर्जाच्या शेवटच्या पानावर न वाचता सही करणाऱ्यासाठी कायद्याने हे दार मुद्दाम उघडे ठेवलेले आहे.

ही रेषा आली कोठून

ही यादी दयेपोटी तयार झालेली नाही. 1859 च्या पहिल्या दिवाणी प्रक्रिया संहितेनंतर न्यायालयाचा हुकूमनामा सावकाराच्या हातातील सर्वांत धारदार हत्यार बनला; कुणब्याने अंगठा दिलेल्या खताच्या आधारे एकतर्फी निकाल घ्यायचा आणि जमीन, घर, बैल अशा सर्वांवर जप्ती आणायची, हा क्रम रूढ झाला. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी मुख्यतः कर्जखते आणि हुकूमनामे हुडकून जाळले, यावरून त्यांचा रोष नेमका कशावर होता हे दिसते. त्यानंतर 1879 साली आलेल्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करण्यास मनाई केली.

बुलढाणा या कायद्याच्या कक्षेत नव्हता. 1853 च्या तहाने निजामाकडून इंग्रजी अंमलाखाली आलेल्या वऱ्हाडाचा तो भाग होता आणि येथील कर्जबाजारी शेतकऱ्याच्या वाट्याला स्वतंत्र कायदे पुष्कळ उशिरा आले. त्यांतला महत्त्वाचा म्हणजे मध्य प्रांत व वऱ्हाडाचा 1939 चा कर्जनिवारण कायदा. तरीही प्रश्न मिटला नाही. 2006 मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत बुलढाणा होता. डिसेंबर 2010 मध्ये तर बुलढाणा जिल्ह्यातीलच सावकारीच्या तक्रारींच्या प्रकरणात, पोलिसांनी त्या नोंदवू नयेत यासाठी शासनाच्या सर्वोच्च पातळीवरून हस्तक्षेप झाल्याचा निष्कर्ष काढून सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र शासनाला 10 लाख रुपये भरण्याचा आदेश दिला. 2014 मध्ये महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम लागू झाला. परवान्याशिवाय सावकारी करणे त्यानुसार गुन्हा आहे आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करून देण्यास न्यायालयाला मनाई आहे, ज्यात दामदुपटीचे जुने तत्त्व स्पष्टपणे दिसते.

पतसंस्था, कपात आणि जामीनदार

महाराष्ट्रात पगारातून होणाऱ्या कर्जवसुलीचा फार मोठा भाग न्यायालयात जातच नाही, कारण तो सहकारी पतसंस्थांमार्फत होतो. बुलढाण्यात सहकारी पतव्यवस्था खोलवर रुजलेली आहे. 1986 मध्ये येथे सुरू झालेल्या बुलढाणा अर्बन या संस्थेचे नाव जिल्ह्याच्या पलीकडेही पोहोचले आहे, आणि शिक्षकांच्या व कर्मचाऱ्यांच्या पगारदार पतसंस्था तर राज्यभर आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 49 नुसार सभासद संस्थेला असा करार लिहून देऊ शकतो, की त्याच्या मालकाने पगारातून हप्ता कापून संस्थेला द्यावा. संस्थेने लेखी मागणी केली की मालकाला ती पाळावी लागते. ही जप्ती नव्हे, सभासदाने आधीच दिलेली संमती आहे. त्यामुळे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 चा एक तृतीयांशाचा हिशेब येथे आपोआप लागत नाही, आणि दोन-तीन संस्थांचे हप्ते कापून गेल्यावर हातात अगदी थोडी रक्कम पडणारे पगारपत्रक तयार होऊ शकते. वेतन प्रदान अधिनियम, 1936 मध्ये एकूण कपातीची मर्यादा निम्म्या वेतनाची, आणि सहकारी संस्थेची कपात असल्यास 75 टक्क्यांची होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेने ती सर्वच कपातींसाठी 50 टक्क्यांवर आणली आहे. कर्ज घेताना हप्त्यांची बेरीज या मर्यादेशी ताडून पाहणे प्रत्येक पगारदाराच्या हिताचे आहे.

कर्ज थकले, तर संस्थेला दिवाणी दाव्याची वाट धरावी लागत नाही. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 खाली ती सहकार खात्याच्या निबंधकाकडे अर्ज करते, चौकशीनंतर वसुली दाखला मिळतो, आणि कलम 156 नुसार वसुली अधिकारी त्या दाखल्यावरून जप्तीची कारवाई करतो. गावोगावी लोक याला 'एकशे एकची कारवाई' म्हणूनच ओळखतात. या दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा, तर दाखल्यातील रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. म्हणून खरी बाजू मांडण्याची जागा दाखला निघण्यापूर्वीची सुनावणी हीच आहे. तेथे गैरहजर राहणाऱ्याला पुढची दाद महाग पडते. अनेक राज्यांत काम करणाऱ्या बहुराज्य संस्थांना कलम 101 लागू नाही. त्यांचे वाद लवादाकडे जातात आणि लवादाचा निवाडा हुकूमनाम्याप्रमाणेच अंमलात येतो.

जामीनदाराबद्दल सर्वाधिक गैरसमज आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 128 नुसार, करारात वेगळे काही ठरलेले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. 'आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या', असे म्हणण्याचा हक्क जामीनदाराला सामान्यतः नसतो. कर्जदार शेतकरी आणि जामीनदार शिक्षक असेल, तर सोपी वसुली म्हणून जामीनदाराच्या पगारावरच आधी कारवाई होणे शक्य आणि कायदेशीरही आहे. भिडेखातर केलेली सही ही खरे तर स्वतःच्या पगाराची सही असते. जामीनदाराने भरलेली रक्कम त्याला मूळ कर्जदाराकडून वसूल करता येते, परंतु त्यासाठी पावत्या जपाव्या लागतात आणि मुदतीत दावा करावा लागतो.

आयकराचा परतावा

वर्षभर पगारातून किंवा ठेवीच्या व्याजातून आवश्यकतेपेक्षा अधिक कर कापला गेला असेल, तर विवरणपत्र भरल्यावर आयकर विभाग जास्तीची रक्कम परत करतो. या परताव्याला हात लावण्याचा अधिकार मुख्यतः एकाच यंत्रणेला आहे, आणि ती म्हणजे आयकर विभाग स्वतः. आयकर अधिनियम, 1961 च्या कलम 245 नुसार त्याच करदात्याची आधीच्या वर्षांची कराची मागणी बाकी असेल, तर परतावा त्या मागणीत वळता करता येतो. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या आयकर अधिनियमातही ही व्यवस्था कायम ठेवलेली आहे. मात्र वळते करण्यापूर्वी करदात्याला लेखी सूचना देणे बंधनकारक आहे, आणि सूचना न देता होणाऱ्या समायोजनांबद्दल 2013 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विभागाला कडक निर्देश दिले होते. आता ही सूचना ईमेलवर आणि विभागाच्या संकेतस्थळावरील खात्यात येते आणि उत्तरासाठी 21 दिवस मिळतात. मागणी चुकीची असेल, कर आधीच भरलेला असेल किंवा अपील चालू असेल, तर तसे कारण देऊन असहमती नोंदवता येते. उत्तर न दिल्यास मागणी मान्य आहे असे समजून परतावा वळता होतो. गावातील ज्या केंद्रातून विवरणपत्र भरले त्याच केंद्राचा ईमेल आणि मोबाइल क्रमांक तेथे नोंदवलेला असेल, तर ही सूचना करदात्यापर्यंत पोहोचतच नाही. आपला स्वतःचा क्रमांक नोंदवणे ही लहानशी दक्षता म्हणूनच मोलाची आहे. जुन्या किरकोळ मागण्यांपुरता दिलासाही मिळालेला आहे: फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात 2009-10 पर्यंतच्या 25,000 रुपयांपर्यंतच्या आणि 2010-11 ते 2014-15 या वर्षांच्या 10,000 रुपयांपर्यंतच्या मागण्या मागे घेण्याची घोषणा झाली.

करथकबाकीसाठी आयकर अधिकारी मालकाला पगारातून रक्कम कापण्यास सांगू शकतो आणि बँकेला नोटीस देऊन खात्यातील रक्कमही मागवू शकतो. परंतु पगाराचा जो भाग कलम 60 नुसार दिवाणी न्यायालयाला जप्त करता येत नाही, त्याला विभागाची ही मागणीही लागू होत नाही, असे आयकर कायद्यातच नमूद आहे. म्हणजे सरकारसुद्धा त्याच रेषेच्या अलीकडे थांबते. बँक, पतसंस्था किंवा वित्तकंपनी यांना आयकर विभागाला परस्पर कळवून कोणाचा परतावा आपल्या थकबाकीत वळवून घेता येत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा अनुभव येथे वेगळा असू शकतो, कारण तेथील कोषागार विभागाच्या कार्यक्रमाद्वारे संघराज्य सरकारचे येणे आणि मुलांच्या पालनपोषणाची थकलेली रक्कमही कराच्या परताव्यातून कापली जाते. आपल्याकडे परतावा खात्यात जमा होईपर्यंत सुरक्षित असतो. एकदा जमा झाला की मात्र तो त्या खात्यातील इतर शिलकीसारखाच होतो, आणि त्याच बँकेचे कर्ज थकलेले असेल तर बँक आपल्या वजावटीच्या हक्काचा वापर करू शकते.

शेतकऱ्याच्या खात्याला लागणारा 'होल्ड'

पगारदाराला जसा परतावा, तसे शेतकऱ्याला अतिवृष्टीचे किंवा गारपिटीचे अनुदान आणि पीकविम्याची भरपाई. ही रक्कम झालेल्या नुकसानाची अंशतः परतफेड असते आणि पुढच्या पेरणीचे बियाणे तिच्यातूनच येते. ती खात्यात जमा होते तेव्हा पीककर्ज थकलेले असल्याने बँकेने खात्याला 'होल्ड' लावला, ही तक्रार विदर्भात वारंवार ऐकू येते. नैसर्गिक आपत्तीच्या मदतीतून कोणत्याही बँकेने कर्जाची वसुली करू नये, अशी अट राज्य शासन आपल्या मदतवाटपाच्या निर्णयांत वारंवार घालत आलेले आहे. या शासन निर्णयाची प्रत घेऊन शाखेकडे लेखी अर्ज देणे, त्याची पोच घेणे, आणि दाद न मिळाल्यास तहसीलदार, जिल्हाधिकारी व जिल्ह्याची अग्रणी बँक यांच्याकडे जाणे, हा शेतकऱ्याचा हक्काचा मार्ग आहे. तोंडी विनंती नोंदीत राहत नाही. लेखी अर्ज राहतो.

संरक्षण मागितले तरच मिळते

या सर्व तरतुदींना जोडणारे एक सूत्र आहे. कर्ज फेडले पाहिजे, याबद्दल कायद्याच्या मनात शंका नाही. फेडता फेडता माणूस कमावता राहिला पाहिजे, याबद्दलही नाही. ज्याच्या घरातील चूल, अवजारे आणि महिन्याचा बहुतांश पगार टिकून आहे, तोच उरलेले कर्ज फेडू शकतो. याच विचाराने 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले, की केवळ कर्ज फेडता येत नाही म्हणून कोणालाही दिवाणी तुरुंगात टाकता येणार नाही. ऐपत असूनही अप्रामाणिकपणे रक्कम टाळली, हे सिद्ध व्हावे लागेल.

मात्र न्यायालय निर्णीत ऋणकोच्या घरी येऊन त्याची यादी तपासत नाही. दरखास्तीत हजर राहून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 47 खाली आक्षेप नोंदवणे, पगारपत्रकासह जप्तीयोग्य रकमेचा हिशेब मांडणे आणि 24 महिन्यांची मोजणी ठेवणे हे त्याला स्वतःलाच करावे लागते. निकालाच्या वेळी हप्ते मागता येतात. निकालानंतर त्यासाठी धनकोची संमती लागते. लोकअदालतीत तडजोड करताना प्रत्येक आकडा वाचून घेतला पाहिजे, कारण तेथील निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुका विधी सेवा समित्यांमार्फत महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, औद्योगिक कामगारांना आणि ठरावीक मर्यादेखालील उत्पन्न असलेल्यांना 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार मोफत वकील मिळतो.

समन्स आल्याच्या दिवशीच हजर होणारा आणि समन्स माळ्यावर टाकणारा या दोघांसाठी कायदा एकच असतो, पण त्यांच्या घरात महिन्याअखेरीस उरणारी रक्कम एक नसते. सुप्याच्या शेतकऱ्यांना आपल्यावर काय लादले आहे हे कागदावर वाचता येत नव्हते, म्हणून त्यांनी तो कागद जाळला. आजच्या कर्जदाराच्या हाती जो कागद पडतो, त्याच्यामागे उभ्या असलेल्या कायद्यात त्याचा हिस्साही लिहिलेला आहे. तो वाचून, योग्य वेळी आणि योग्य जागी मागणे एवढेच त्याच्याकडे राहते.